जखडलेल्या खांद्यासाठी इंजेक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इंजेक्शन मी देत नाही, ते ऑर्थोपेडिक किंवा पेन क्लिनिकचे डॉक्टर देतात. पण इंजेक्शनच्या आधी आणि नंतर हेच खांदे माझ्याकडे व्यायामाला येतात, आणि त्यांच्यासोबत प्रश्नही येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुमच्या खांद्याबद्दलचा निर्णय मात्र हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरांसोबतच घ्या.

१. माझा खांदा दुखतो, हात वर जात नाही. म्हणजे फ्रोजन शोल्डरच ना?

असेलच असं नाही. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, लवचिक आवरण असतं. फ्रोजन शोल्डरमध्ये, म्हणजे जखडलेल्या खांद्यात, त्याला सूज येते, मग ते जाड होतं आणि आकसतं. आधी दुखतं, नंतर हात अडतो. त्याची खूण अशी की हात तुम्ही स्वतः उचला किंवा दुसऱ्याने उचलून द्या, तो त्याच जागी अडतो. सगळ्यात जास्त अडतं ते हात बाहेर वळवणं. कोपर बरगडीला टेकवून ठेवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या. दुखऱ्या बाजूला तो चांगल्या बाजूपेक्षा खूपच कमी गेला, तर संशय पक्का होतो. पाठीमागचं हुक लागत नाही, वेणी घालता येत नाही, मागच्या खिशातलं पाकीट निघत नाही, त्या कुशीवर झोप लागत नाही, या तक्रारी नेहमीच्या.

दुसऱ्याने उचलल्यावर हात सहज वर जात असेल, तर दुखणं बहुधा खांद्याच्या स्नायूबंधांचं असतं. दुखणं मानेतून उतरून बोटांपर्यंत मुंग्या येत असतील तर मान तपासावी लागते. फ्रोजन शोल्डरमध्ये एक्स-रे बहुतेक वेळा नॉर्मल येतो, आणि म्हणूनच तो काढायचा असतो: सांध्याची झीज, कॅल्शियम साचणं, निखळलेला सांधा, हाडातली गाठ हे सगळं त्यातून बाजूला काढता येतं. एक्स-रे न पाहता खांद्यात सुई घालून घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

डावा खांदा चालताना किंवा जिना चढताना दुखतो, सोबत छातीत दडपण किंवा घाम येतो, असं असेल तर हे पान बाजूला ठेवा आणि आधी हृदयाची तपासणी करून घ्या.

२. या इंजेक्शनमध्ये नेमकं असतं काय?

बहुतेक वेळा दोन औषधं एकत्र असतात. पहिलं स्टिरॉइड: ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन, साधारण ४० मिलिग्रॅम. दुसरं जागा बधिर करणारं: लिग्नोकेन किंवा बुपिव्हाकेन. स्टिरॉइड दुधासारखं पांढरट दिसतं, कारण त्याचे अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात. ते सांध्यात हळूहळू विरघळतात, म्हणून एकाच टोचणीचा परिणाम काही आठवडे राहतो. आवरणाची सूज स्टिरॉइड उतरवतं. बधिर करणाऱ्या औषधाचा असर मात्र काही तासांपुरताच.

टोचून घेण्याआधी औषधाचं नाव आणि मात्रा विचारा, आणि केसपेपरवर लिहून घ्या. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर हीच एक ओळ सगळ्यात उपयोगी पडते. ‘भारी इंजेक्शन दिलंय’ एवढ्यावर समाधान मानू नका.

३. स्टिरॉइड म्हणजे वाईटच ना? घरचे नको म्हणतात.

घरच्यांची भीती निराधार नाही. वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या खाऊन हाडं ठिसूळ झालेली, चेहरा सुजलेला, साखर वाढलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण रोज पोटातून घेतलेली गोळी आणि एका सांध्यात एकदा दिलेलं इंजेक्शन यांत खूप फरक आहे. सांध्यातलं थोडं औषध रक्तात उतरतं हे खरं, त्यामुळे काही दिवस अंगभर परिणाम दिसू शकतात (प्रश्न ११ आणि १२ पाहा). निदान बरोबर असेल आणि इंजेक्शन मोजकी असतील, तर बहुतेकांसाठी धोका कमी आणि फायदा स्पष्ट असतो. तीन-तीन महिने रात्रीची झोप नाही, त्यापायी रोज वेदनाशामक गोळ्या, आणि त्या गोळ्यांचा पोटावर, किडनीवर, रक्तदाबावर होणारा परिणाम, हेही हिशोबात धरायला हवं. ते कुणी धरत नाही.

४. इंजेक्शन कोणत्या टप्प्यात घ्यावं?

आजाराचे ढोबळमानाने तीन टप्पे मानतात. पहिल्यात दुखणं वाढत जातं आणि हात हळूहळू अडू लागतो. हा टप्पा साधारण २ ते ९ महिन्यांचा. दुसऱ्यात दुखणं ओसरतं पण खांदा जखडलेला राहतो, ४ ते १२ महिने. तिसऱ्यात हालचाल हळूहळू परत येते, आणि त्याला ५ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो. आपण कोणत्या टप्प्यात आहोत हे रोजच्या जगण्यात इतकं आखीव दिसत नाही, एक टप्पा दुसऱ्यात मिसळलेला असतो.

स्टिरॉइडचा सगळ्यात जास्त उपयोग पहिल्या टप्प्यात होतो, कारण तेव्हा आवरणाला सूज असते. एक सोपी कसोटी सांगते: रात्री दुखण्याने जाग येत असेल, तर इंजेक्शनबद्दल बोलायची वेळ आहे. दुखत फारसं नाही, फक्त अडतं, अशा खांद्यात आवरण आधीच जाड झालेलं असतं आणि साध्या स्टिरॉइड इंजेक्शनकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. तिथे प्रश्न १४ वाचा. ‘आधी सहा महिने व्यायाम करून बघू, नाहीच जमलं तर इंजेक्शन’ असा क्रम पुष्कळ लोक लावतात. दुखणं तीव्र असताना हा क्रम उलटा पडतो.

५. फ्रोजन शोल्डर आपोआप बरा होतो म्हणतात. मग सुई कशाला?

बहुतेक खांदे काळाच्या ओघात बरेच सुधारतात, हे खरं. पण ‘पूर्ण बरा होतो’ हे तितकंसं खरं नाही. अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना सरासरी सात वर्षांनी तपासलं, तेव्हा जवळपास निम्म्यांना थोडंफार दुखणं किंवा ताठरपणा शिल्लक होता. त्याचा रोजच्या कामात अडथळा मात्र फार थोड्यांना होता.

इंजेक्शनने आजाराचा एकूण काळ नक्की कमी होतो असा दावा मी करणार नाही. त्याने मिळते ती दुखण्यापासून सवड. ती सवड झोपेसाठी, स्वयंपाकघरात आणि कामावर हात वापरण्यासाठी, आणि मुख्य म्हणजे व्यायामासाठी लागते. दुखणं सुसह्य असेल आणि थांबायची तयारी असेल, तर इंजेक्शन न घेण्याचा निर्णयही पूर्ण योग्य आहे.

६. इंजेक्शन देतात कसं? खूप दुखतं का?

बसवून किंवा कुशीवर झोपवून देतात. त्वचा जंतुनाशकाने पुसतात, आणि सुई बहुधा खांद्याच्या मागच्या बाजूने, काही डॉक्टर पुढच्या बाजूने, सांध्यात नेतात. पाच-दहा मिनिटांचं काम असतं, दाखल व्हावं लागत नाही. सुई आत जाताना टोचतं आणि औषध भरताना दाब जाणवतो. जखडलेल्या सांध्यात जागाच कमी असते, म्हणून हा दाब इतरांपेक्षा जास्त जाणवू शकतो. बहुतेक लोक नंतर म्हणतात, ‘एवढंच होतं?’ पण सगळेच म्हणत नाहीत, आणि दुखलं तर ते सांगायला लाजू नका.

उपाशी राहायची गरज नसते. उलट थोडं खाऊन गेलात तर चक्कर येण्याची शक्यता कमी. हात सहज निघेल असा सैल किंवा पुढून बटणांचा कपडा घाला. हात काही तास बधिर, जड वाटू शकतो, म्हणून त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नका. सोबत कुणी असेल तर बरं.

७. सोनोग्राफीत बघून दिलेलंच इंजेक्शन घ्यावं का? आमच्या तालुक्याला ती सोय नाही.

सोनोग्राफीत सुईचं टोक दिसतं, त्यामुळे औषध सांध्यातच गेल्याची खात्री वाढते. हाताच्या अंदाजाने दिलेलं इंजेक्शन अनुभवी डॉक्टरांकडूनही कधीकधी सांध्याबाहेर पडतं. असं असूनही दोन्ही पद्धतींत रुग्णाला मिळणाऱ्या आरामातला फरक अभ्यासांमध्ये माफकच दिसला आहे. म्हणून पहिल्या इंजेक्शनसाठी, चांगल्या हाताचे डॉक्टर जवळ असतील तर, केवळ सोनोग्राफीपायी शंभर किलोमीटर जाण्याचा आग्रह मी धरत नाही.

अंगकाठी स्थूल असेल, आधीच्या इंजेक्शनचा उपयोग झाला नसेल, किंवा प्रश्न १४ आणि १५ मधले उपचार करायचे असतील, तर मात्र सोनोग्राफी किंवा एक्स-रेखाली करून घेणं नक्कीच चांगलं.

८. आराम कधी पडतो आणि किती टिकतो?

पहिले काही तास बधिरतेमुळे छान वाटतं. तो असर उतरला की दुखणं परत येतं, काहींना एक-दोन दिवस आधीपेक्षाही जास्त दुखतं. इथेच लोक घाबरतात आणि ‘इंजेक्शन वाया गेलं’ असं ठरवून टाकतात. स्टिरॉइडचा खरा परिणाम साधारण दोन-तीन दिवसांपासून आठवड्याभरात जाणवू लागतो. सर्वांत आधी सुधारते ती रात्रीची झोप.

चांगला आराम सहसा सहा ते बारा आठवडे टिकतो. त्यानंतर इंजेक्शन घेतलेले आणि न घेतलेले यांतला फरक कमी होत जातो. म्हणूनच पुढचा प्रश्न या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

९. इंजेक्शननंतर विश्रांती घ्यायची की व्यायाम करायचा?

पहिला दिवस, फार तर दोन दिवस, जपून. जेवण, कपडे बदलणं, हलकी कामं चालतील. पाण्याची बादली, गॅस सिलिंडर, दळणाचा डबा उचलू नका. त्यानंतर व्यायाम सुरू, आणि रोज.

मला सर्वाधिक वाईट वाटतं ते इथे. इंजेक्शनने दुखणं थांबतं, माणूस खूश होतो, कामाला लागतो आणि व्यायामाकडे फिरकत नाही. दोन-तीन महिन्यांनी औषधाचा असर संपतो तेव्हा खांदा तिथेच अडलेला असतो जिथे आधी होता. मग पुन्हा इंजेक्शन मागायला जातो. दुखणं कमी असलेले हे आठवडेच आवरण ताणायला मिळालेले असतात.

सुरुवात सोपी ठेवा. चांगला हात टेबलावर टेकून पुढे वाका, दुखरा हात सैल सोडा आणि लोलकासारखा हळूहळू झुलवा. दोन-चार दिवसांनी उताणं झोपून चांगल्या हाताने दुखरा हात डोक्याच्या दिशेने वर न्या. काठी दोन्ही हातांत धरून दुखरा हात बाहेर ढकला, कोपर अंगाला चिकटलेलं ठेवून. भिंतीवर बोटं चढवत न्या आणि कुठवर पोचलात तिथे पेन्सिलने खूण करा. आठवड्याने खूण वर सरकलेली दिसली की उमेद येते. पाठीमागे टॉवेल धरून ओढायचा व्यायाम घाईने सुरू करू नका, तो शेवटी येतो.

दिवसातून एकदा अर्धा तास करण्यापेक्षा तीन-चार वेळा पाच-सात मिनिटं करणं जास्त गुणकारी. ताण जाणवला पाहिजे, कळ नाही. व्यायामानंतरचं दुखणं तासाभरात शांत व्हायला हवं; रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी जोर कमी करा, व्यायाम बंद करू नका. गरम पाण्याने शेकून मग व्यायाम केला तर सोपं जातं. आणि कळकळीने सांगते, कुणाकडूनही खांदा झटका देऊन ‘मोकळा’ करून घेऊ नका. अशा झटक्याने स्नायूबंध फाटू शकतो, ठिसूळ हाड मोडूही शकतं.

१०. किती वेळा घेता येतं?

पुष्कळांना एक पुरतं. पहिल्याने निम्मा-शिम्मा फायदा झाला आणि दुखणं परतलं, तर सहा आठवडे ते तीन महिन्यांच्या अंतराने दुसरं देतात. एका सांध्यात वर्षाला तीन-चारपेक्षा जास्त देऊ नयेत असा सर्वसाधारण पायंडा आहे. पहिल्या दोन इंजेक्शनांनी काहीच झालं नसेल तर तिसऱ्याने होईल ही आशा सोडा आणि प्रश्न १७ वाचा.

११. मला मधुमेह आहे. इंजेक्शन घेऊ शकते का?

घेऊ शकता, तयारीने. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि ते साहजिक आहे: सर्वसामान्य लोकांत फ्रोजन शोल्डरचं प्रमाण साधारण २ ते ५ टक्के मानतात, मधुमेहींमध्ये ते कित्येक पट जास्त असतं. त्यांचा खांदा जास्त काळ रेंगाळतो आणि दोन्ही खांदे धरण्याची शक्यताही जास्त असते.

इंजेक्शननंतर काही तासांतच साखर वाढू लागते, पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वर राहते, आणि बहुतेकांची आठवड्याभरात पूर्ववत होते. इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये आणि आधीच साखर ताब्यात नसलेल्यांमध्ये ती जास्त उसळते. तीन महिन्यांच्या सरासरीवर, म्हणजे एचबीए१सीवर, एका इंजेक्शनचा सहसा ठळक परिणाम होत नाही.

म्हणून इंजेक्शन ठरलं की आधी मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवा. त्या आठवड्यात घरच्या ग्लुकोमीटरवर रोज उपाशीपोटी आणि जेवणानंतर साखर मोजा, वहीत लिहा. इन्सुलिनचा डोस किती वाढवायचा हे आधीच विचारून ठेवा, मनाने वाढवू नका. लग्नाचा हंगाम, गणपती, दिवाळी अशा गोडाधोडाच्या दिवसांत इंजेक्शन न घेतलेलं बरं. साखर सतत ३०० च्या वर जाऊ लागली, खूप तहान, वारंवार लघवी, उलट्या असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. साखर आधीपासून फारच वर असेल तर डॉक्टर इंजेक्शन पुढे ढकलतात. तेव्हा प्रश्न १५ मधला, स्टिरॉइडशिवाय केलेला ब्लॉक, म्हणजे खांद्याची नस बधिर करणं, हा एक मार्ग असतो.

आणि ज्यांना मधुमेह ‘नाही’ त्यांच्यासाठी: चाळिशीनंतर काही कारण नसताना खांदा जखडला, तर एकदा साखर तपासून घ्या. जखडलेल्या खांद्याची चौकशी करताना मधुमेहाचा पत्ता पहिल्यांदाच लागला, असं होतं. थायरॉइडही सोबतच तपासा.

१२. साइड इफेक्ट कोणते? घाबरायचं कधी?

त्रासदायक पण निरुपद्रवी: एक-दोन दिवस वाढलेलं दुखणं (बर्फाने शेका), चेहरा लाल होऊन गरम वाटणं, एखाद-दोन रात्री झोप न लागणं, रक्तदाब थोडा वाढणं. स्त्रियांमध्ये त्या महिन्याची पाळी पुढेमागे होऊ शकते. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाला तर मात्र तो इंजेक्शनवर न ढकलता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. टोचलेल्या जागी त्वचा फिकट पडू शकते किंवा खड्डा पडू शकतो. सावळ्या त्वचेवर फिकट डाग जास्त उठून दिसतो. तो बहुधा काही महिन्यांत भरून येतो, पण नेहमीच पूर्ण जातो असं नाही.

क्वचित पण गंभीर म्हणजे सांध्यात जंतुसंसर्ग. खूण अशी की दोन-तीन दिवसांनी दुखणं कमी होण्याऐवजी वाढत जातं, खांदा गरम, लाल, सुजलेला होतो, ताप किंवा थंडी वाजते. यात सकाळपर्यंत थांबायचं नसतं, थेट रुग्णालयात जा. मधुमेहींमध्ये ताप नसतानाही संसर्ग असू शकतो.

अंगात ताप असेल, खांद्यावरच्या त्वचेवर फोड किंवा जखम असेल, कुठलाही संसर्ग चालू असेल, तर इंजेक्शन पुढे ढकला.

१३. आमच्या गावचे डॉक्टर कमरेत एक इंजेक्शन देतात, दुसऱ्या दिवशी खांदा हलका. तेच हे का?

नाही. कमरेत किंवा दंडात दिलेलं इंजेक्शन बहुतेकदा वेदनाशामक असतं, कधी स्टिरॉइड असतं. ते रक्तातून सगळ्या अंगात जातं आणि सांध्यात पोचतं त्यातलं थोडंसंच. स्टिरॉइड असेल तर अंगभर परिणाम जास्त आणि खांद्याला फायदा अल्पकाळ. दर पंधरवड्याला असं इंजेक्शन घेत राहणं खरंच धोक्याचं आहे, कारण शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तयार होणं मंदावतं. लेबल नसलेल्या पुड्या आणि ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांतही लपवलेलं स्टिरॉइड सापडलेलं आहे. असं काही घेत असाल तर खांद्यात इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. कुणी रागावणार नाही. आणि अशा गोळ्या खूप दिवस घेतल्या असतील तर एकदम बंदही करू नका.

१४. हायड्रोडायलेटेशन म्हणजे काय? साध्या इंजेक्शनपेक्षा चांगलं का?

यात स्टिरॉइड आणि बधिर करणाऱ्या औषधासोबत सलाइनही सांध्यात भरतात, एकूण साधारण २० ते ४० मिलिलिटर, म्हणजे आकसलेलं आवरण आतून फुगून ताणलं जातं. निरोगी खांद्यात १५ ते ३० मिलिलिटर द्रव सहज मावतो, जखडलेल्या खांद्यात बऱ्याचदा दहाही मावत नाही, यावरून कल्पना येईल. ही पद्धत १९६५ सालापासून नोंदलेली आहे, म्हणजे नवं फॅड नाही.

साध्या इंजेक्शनपेक्षा हालचालीत, विशेषतः हात बाहेर वळवण्यात, थोडा जास्त फायदा काही अभ्यासांत दिसला, काहींत दिसला नाही. माझं मत असं: दुखणं मुख्य असेल तर आधी साधं इंजेक्शन, अडणं मुख्य असेल तर हायड्रोडायलेटेशनचा विचार. भरताना दाब चांगलाच जाणवतो आणि प्रक्रिया सोनोग्राफी किंवा एक्स-रेखालीच व्हायला हवी. व्यायाम दुसऱ्या दिवसापासून सुरू करायचा, नाहीतर ताणलेलं आवरण परत आकसतं. यातही स्टिरॉइड असतंच, त्यामुळे प्रश्न ११ लागू.

१५. ‘नस बधिर करू’ असं डॉक्टर म्हणाले. हात कायमचा लुळा पडेल का?

नाही. याला सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह ब्लॉक म्हणतात. खांद्याच्या सांध्यातल्या संवेदनांचा मोठा वाटा, सुमारे ७० टक्के, ही एक नस वाहून नेते. पाठीच्या फऱ्याच्या वरच्या खाचेत तिच्याजवळ बधिर करणारं औषध सोडतात, हवं तर थोडं स्टिरॉइड मिसळतात. औषध उतरलं की नस पूर्ववत काम करते, पण दुखण्यातला आराम बऱ्याचदा त्याहून कितीतरी जास्त दिवस टिकतो. सांध्यात सुई नको असेल, साखर फार वर असेल, किंवा व्यायाम करताच येत नाही इतकं दुखत असेल, तेव्हा हा चांगला पर्याय. जवळच फुप्फुसाचं टोक असल्याने त्याला इजा होण्याचा धोका अगदी थोडा का होईना असतो. सोनोग्राफीत बघून केल्यास तो आणखी घटतो.

१६. पीआरपी, जेल, स्टेम सेल यांचं काय?

पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त यंत्रात फिरवून त्यातला बिंबिकांनी (प्लेटलेट्सनी) समृद्ध भाग सांध्यात सोडणं. भारतातही यावर अभ्यास झाले आहेत आणि काहींचे निकाल आशादायक आहेत, पण अभ्यास लहान आहेत आणि प्रत्येक ठिकाणी पीआरपी बनवायची रीत वेगळी. स्टिरॉइड अजिबात चालत नसेल तर विचार करण्याजोगं, पहिली निवड म्हणून नाही. हायलुरोनिक अ‍ॅसिडचं जेल फ्रोजन शोल्डरमध्ये फारसं काही वाढवून देत नाही. स्टेम सेल आणि एक्सोसोमच्या नावाने मोठी रक्कम मागितली जात असेल तर देऊ नका. फ्रोजन शोल्डरमध्ये त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

१७. इंजेक्शन घेतलं, व्यायाम केला, महिना झाला. काहीच फरक नाही. आता?

चार शक्यता तपासायच्या. औषध सांध्यात गेलंच नाही. तर पुढचं सोनोग्राफीत बघून. टप्पा पुढे गेलेला होता (प्रश्न ४); तर हायड्रोडायलेटेशन. व्यायाम होतोय पण चुकीचा, बहुतेकदा खूप जोराने. तर एकदा कुणासमोर करून दाखवा. आणि चौथी, जी कधीच विसरायची नाही: निदान वेगळं असू शकतं. दुखणं दिवसरात्र सारखंच, वजन घटतंय, ताप येतो, आधी कर्करोग होऊन गेलाय, दंडाचे स्नायू वाळत चाललेत, यातलं काहीही असेल तर नवीन इंजेक्शन न घेता एमआरआय आणि रक्ततपासणी करून घ्या.

१८. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. बंद करू का?

स्वतःहून कधीच नाही. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने खांद्याच्या इंजेक्शनसाठी गोळी थांबवली तर स्टेंट बंद पडण्याचा धोका खांद्याच्या दुखण्याहून शेकडो पटींनी मोठा आहे. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू ठेवून हे इंजेक्शन सहसा देता येतं. वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रोम घेणाऱ्यांनी अलीकडचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा) रिपोर्ट सोबत न्यावा; तो ठरवून दिलेल्या मर्यादेत असेल तर बहुतेक डॉक्टर गोळी न थांबवता देतात.

१९. मला पूर्वी टीबी झाला होता. सांगायची गरज आहे का?

हो, विचारलं नाही तरी सांगा. खांद्याच्या सांध्याचा टीबी विरळा आहे, पण आपल्याकडे तो आहे, आणि त्याचा कोरडा प्रकार सुरुवातीला हुबेहूब फ्रोजन शोल्डरसारखा दिसतो: हळूहळू दुखणं, हात अडणं, सूज नाही. त्यात स्टिरॉइड टोचलं तर चार दिवस बरं वाटतं आणि आत आजार वाढतो. खांद्याभोवतीचे स्नायू लक्षात येण्याइतके वाळले असतील, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, घरात कुणाला टीबी झाला असेल, तर आधी एक्स-रे, रक्ततपासणी, गरज पडल्यास एमआरआय. टीबीचं औषध सध्या चालू असेल तर इंजेक्शनचा निर्णय टीबीच्या डॉक्टरांना विचारूनच.

२०. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, त्याच बाजूचा खांदा जखडलाय. चालेल का?

शस्त्रक्रिया आणि रेडिएशननंतर खांदा जखडणं हे वारंवार घडतं, आणि पुष्कळ बायका ‘जीव वाचला, खांद्याचं काय एवढं’ म्हणून वर्षभर सोसत राहतात. सोसू नका. पण क्रम पाळा: आधी कर्करोगाच्या डॉक्टरांकडून हाडात काही पसरलेलं नाही याची खात्री, आणि केमोथेरपी चालू असेल तर पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत का ते. हातावर सूज असेल तर ती आधी दाखवा. यानंतर अनेकांना इंजेक्शन घेता येतं. व्यायाम मात्र कर्करोगानंतरच्या पुनर्वसनाची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून शिका.

२१. एचआयव्हीची औषधं चालू आहेत, हे डॉक्टरांना सांगणं आवश्यक आहे का?

अत्यंत आवश्यक. रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असलेल्या औषधांसोबत ट्रायमसिनोलोन शरीरातून बाहेर पडत नाही, साचत राहतं. सांध्यातल्या एका इंजेक्शननेही कुशिंगची, म्हणजे अंगात स्टिरॉइड जास्त झाल्याची, लक्षणं दिसू शकतात आणि शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड काही महिने बंद पडू शकतं. मिथाइलप्रेडनिसोलोनबाबतही सावधगिरी लागते. औषधांची यादी दाखवा. चारचौघांत सांगायचं नसेल तर डॉक्टरांशी एकट्याने बोलायची मागणी करा, तो तुमचा हक्क आहे. स्टिरॉइडशिवायचा नर्व्ह ब्लॉक (प्रश्न १५) इथे कामी येतो.

२२. बाळ अंगावर पितं. इंजेक्शन घेऊ?

बाळाला औषधाचा धोका नगण्य मानतात. आईचं दूध काही दिवस कमी होऊ शकतं, विशेषतः मात्रा मोठी असेल तर. पुढे ढकलता येत असेल तर ढकला, नाहीतर कमी मात्रेबद्दल विचारा. गरोदर असाल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय नाही.

२३. मला भूल देऊन खांदा मोकळा करायला किंवा दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलंय. आधी इंजेक्शन करून बघू का?

व्यवस्थित इंजेक्शन आणि फिजिओथेरपी झालेली नसेल, तर हो, हे विचारणं रास्त आहे. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल २०२० साली आले. तीन गट होते: इंजेक्शनसह शिस्तबद्ध फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा हलवणं, आणि दुर्बिणीतून आवरण मोकळं करणं. वर्षाअखेर तिघांमधला फरक रुग्णाला जाणवेल इतका मोठा नव्हता. फिजिओथेरपीच्या गटातल्या जास्त लोकांना पुढे आणखी उपचार लागले. गंभीर गुंतागुंती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत जास्त झाल्या. म्हणजे शस्त्रक्रिया चुकीची नाही, पण घाईचीही नाही.

एक काळजी घ्या. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असेल तर तिच्या आधीच्या तीन महिन्यांत इंजेक्शन घेण्यापूर्वी सर्जनना विचारा, कारण त्याने संसर्गाचा धोका वाढू शकतो. सांधा बदलायचा असेल तर हे अधिकच लागू.

२४. उजवा बरा झाला, आता डावा धरलाय. पुन्हा पहिल्यापासून?

त्याच खांद्याला पुन्हा होणं विरळा, दुसऱ्या खांद्याला होणं तितकं विरळा नाही, आणि मधुमेह असेल तर आणखीच कमी विरळा. पण या वेळी तुमच्या हातात एक गोष्ट जास्त आहे: सुरुवातीची कळ तुम्हाला ओळखता येते. रात्रीचं दुखणं सुरू झाल्याच्या पहिल्या काही आठवड्यांतच तपासून घ्या आणि लागलं तर इंजेक्शन तेव्हाच घ्या. निदान मात्र नव्याने होऊ द्या. उजव्याचा एक्स-रे डाव्यासाठी चालत नाही. दोन्ही खांद्यांत एकाच दिवशी इंजेक्शन घ्यायची वेळ आली तर स्टिरॉइडची एकूण मात्रा दुप्पट होते, म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी दोन खांद्यांमध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवायला सांगावं, आणि जास्त दुखणाऱ्या खांद्याला आधी पाळी द्यावी.